गाव शांत आहे, लोक चांगले आहेत, मग मला का नकोसं झालंय?

"ताई, गाव शांत आहे. घर ऐसपैस आहे, शेजारी चांगले आहेत, ह्याची नोकरी पक्की आहे. तक्रार करायला जागाच नाही. तरी दुपार झाली की रडू येतं. आम्ही चूक केली का? परत ब्रॅम्प्टनला जाऊ का?"

मी समुपदेशन करते, पडद्यावरून. हा निरोप कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातून आला होता. प्रेअरीवरचं हजारभर वस्तीचं गाव, चहूबाजूंनी सपाट शेतं. अशा आशयाचे निरोप हल्ली वरचेवर येतात, आणि त्याचं कारणही उघड आहे. टोरांटो आणि त्याला लागून असलेल्या ब्रॅम्प्टनकडची घरभाडी झेपेनाशी झालीत, आणि इकडे छोट्या गावांना कामाला माणसं मिळत नाहीत. २०१९ मध्ये कॅनडा सरकारने लहान गावांसाठी स्थलांतराची खास योजना काढली. त्यात मॅनिटोबातलं ब्रँडन होतं, सस्कॅचेवानमधलं मूस जॉ होतं, अल्बर्टातलं क्लेर्सहोम होतं. २०२५ च्या जानेवारीत तिच्या जागी नवी योजना आली, तिच्यातही ही नावं आहेत. काही जण प्रांताच्या योजनेतून येतात, काही नुसते नोकरीमागे. वाट कुठलीही असो, पोचल्यावर काही महिन्यांनी प्रश्न हाच असतो.

निरोप पाठवणारीला आपण रेवती म्हणू, नवऱ्याला निखिल. परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ती डोंबिवलीची, लग्नाआधी आणि नंतरही हिशेबनिसाचं काम केलेली. तो सांगलीकडचा, डिझेल मेकॅनिक. ब्रॅम्प्टनमध्ये दोघं तळघरातल्या दोन खोल्यांत राहत होते. सस्कॅचेवानमध्ये शेतीयंत्रांच्या डीलरकडे त्याला ट्रॅक्टर-कम्बाइन दुरुस्तीचं काम मिळालं आणि ऑगस्टच्या सुरुवातीला तिघं, म्हणजे सात वर्षांच्या मुलीसह, गाडीत सामान कोंबून निघाले.

अशा वेळी भोवतालची माणसं जे सांगतात ते रेवतीला सगळ्यांनी सांगून झालं होतं. लोकांत मिसळ, छंद लाव, योगा कर, बघ तिथे कशी स्वच्छ हवा आहे. मला या सल्ल्यांचा राग येतो. त्यात गृहीत असं धरलेलं असतं की खोट तिच्या स्वभावात आहे. डोंबिवलीची बाई, जी लोकलच्या डब्यात उभ्या उभ्या मैत्रिणी जोडत आली, तिला मिसळायला शिकवायचं?

मी आधी तब्येतीचं विचारलं. झोप कशी आहे, जेवण जातं का, मुलीच्या गमतीजमतींत मन लागतं का, जगणं नको असं वाटतं का. हा शेवटचा प्रश्न विचारताना मी आवाज खाली आणत नाही, थेट विचारते. रेवतीच्या बाबतीत तसं नव्हतं. झोप उशिरा लागायची, भूक मंदावली होती. आम्ही बोलायला लागलो तेव्हा नोव्हेंबर संपत आला होता. त्या अक्षांशावर डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा असतो, नऊच्या सुमाराला उजाडतं आणि पाचला अंधार. दर हिवाळ्यात मन खचणं हा ओळखता येणारा, उपचार असणारा आजार आहे, म्हणून तिला तिथल्या डॉक्टरांकडे जायला लावलं. त्यांनी रक्त तपासलं आणि सकाळी समोर ठेवायचा तेजस्वी दिवा सुचवला. असा दिवा आपल्या मनाने आणून लावू नये, डोळ्यांचे किंवा मूडचे काही विकार असतील तर तो चालत नाही. आणि कुणाला खरंच टोकाचे विचार येत असतील तर माझ्या पुढच्या सत्राची वाट बघू नका: कॅनडात कुठूनही ९८८ लावा, सस्कॅचेवानमध्ये ८११ वरही माणूस भेटतो.

पण दिव्याने दुपार भरून निघणार नव्हती. दुपारीच रडू का येतं, हा धागा मला सोडवत नव्हता. मी तिला आठवडाभर एक साधी नोंद ठेवायला सांगितली. समोरासमोर कुणाशी बोललीस, आणि तिथे पोचलीस कशी. बस्स, एवढंच.

वही समोर आली तेव्हा दोन गोष्टी दिसल्या.

एक घड्याळाची. सस्कॅचेवानमध्ये बहुतेक ठिकाणी घड्याळ पुढेमागे करत नाहीत, त्यामुळे भारताशी साडेअकरा तासांचं अंतर बाराही महिने तेच. रेवती मुलीला शाळेत सोडून आली की फोन लावायची. तिथे सकाळचे नऊ, डोंबिवलीत रात्रीचे साडेआठ. आई, मग बहीण, मग मैत्रिणींचा ग्रुप. तिथल्या अकरा वाजता इकडे साडेदहा होत आणि एकेक जण "चल गं, झोपते आता" म्हणत निघून जाई. तिचा दिवस अकराला संपायचा! पुढे मुलगी शाळेतून येईपर्यंत घरात कुणाचा आवाज नाही. त्यात रस्त्यापलीकडून मालगाडी जायची, धान्याच्या डब्यांची, संपता संपत नाही अशी. "मी डबे मोजत बसते ताई," ती म्हणाली, "आणि मधेच चुकले तर चिडचिड होते."

दुसरी गोष्ट चावीची. 'पोचलीस कशी' या रकान्यात शाळा सोडली तर सगळीकडे एकच उत्तर होतं: निखिलबरोबर. गावात एक को-ऑप म्हणजे सहकारी दुकान, पोस्ट, शाळा, बर्फाचं रिंक, ग्रंथालयाची छोटी शाखा. बाकी सगळ्याला गाडी. जवळचं शहर स्विफ्ट करंट तासाभरावर, प्रांताची राजधानी रेजायना दोन-अडीच तासांवर. बस नाही. प्रांताची सरकारी बससेवा २०१७ च्या मे महिन्यात बंद झाली, पुढच्या वर्षी ग्रेहाउंड या खाजगी बस कंपनीनेही पश्चिम कॅनडातून गाशा गुंडाळला. ब्रॅम्प्टनमध्ये रेवती बसने कुठेही जायची, इथे उणे तीस अंशांत चालत जाऊन जाऊन जाणार किती? आणि घरातली एकमेव गाडी सकाळी साडेसातला निखिलबरोबर निघून जायची. तिथलं लायसन्स तिच्याकडे नव्हतंच, भारतातलं काढून नुसतं ठेवलेलं. मुंबईत कुणाला लागतं!

मग आम्ही 'मन रमत नाही' हा विषय बाजूला ठेवला आणि लायसन्सवर बोललो. तिला ते समुपदेशन वाटेना. "हे तर मला आरटीओच्या एजंटनेपण सांगितलं असतं," असं हसत म्हणाली. मला वाटतं, त्या हसण्यापासून सुधारणा सुरू झाली. एसजीआय म्हणजे प्रांताच्या विमा महामंडळाची लेखी परीक्षा तिने जानेवारीत दिली. रस्त्यावरच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास, थांब्याच्या पाटीपाशी पूर्ण न थांबल्याबद्दल. दुसऱ्यांदा पास.

तोवर निखिलला पडद्यासमोर बसवणं गरजेचं होतं. तो तयार होता, पण अंग चोरून बसला होता. "मीच इथे आणलं ना सगळ्यांना," हे त्याचं पहिलं वाक्य. त्याच्या डोक्यात हा हिशेब सतत चालू, त्यामुळे रेवती नुसतं "कंटाळा आला" म्हणाली तरी त्याला तो आरोप ऐकू यायचा आणि तो फायद्यांची यादी वाचायला घ्यायचा: घराचा हप्ता ब्रॅम्प्टनच्या भाड्याहून कमी, मुलीच्या वर्गात मुलं कमी, पीआरचे, म्हणजे कायमच्या वास्तव्याचे, कागद मार्गाला लागलेत. यादी खोटी नव्हती. पण ती ऐकून ती गप्प व्हायची, आणि ती गप्प झाली की त्याला वाटायचं, पटलं असावं. बिचारे दोघंही रात्री साडेदहाला, दमलेले, 'राहायचं की जायचं' हा खटला रोज नव्याने चालवत होते.

मी खटल्याला तारीख दिली: जूनचा शेवटचा रविवार. तोवर तो विषय घरात काढायचा नाही. रेवतीने कंटाळा आला म्हटलं तर निखिलने फक्त विचारायचं, "आज काय झालं?" यादी नाही. जूनच का, असं त्याने विचारलं. कारण फेब्रुवारीत, अंगावर चार थर चढवून, इंजिन गोठू नये म्हणून गाडीच्या हीटरची वायर खांबाला लावून आलेल्या माणसाने आयुष्याचे निर्णय घेऊ नयेत. आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरही नको.

रेवतीच्या मनातली एक अढी त्या ऑगस्टातच बसली होती. "आम्ही आलो तेव्हा कुणी विचारायलासुद्धा आलं नाही. नुसतं गाडीतून स्टिअरिंगवरचं बोट वर करतात आणि जातात." मी निखिलकडे बघितलं. तो सांगलीच्या शेतकऱ्याचा मुलगा, त्याला आधीच कळलं होतं. ऑगस्ट म्हणजे तिथली सुगी. मसूर, वाटाणा, गहू, मोहरी, कॅनोला एकामागोमाग काढायला येतात, पाऊस आणि पहिलं हिव यायच्या आत सगळं उरकायचं असतं. कम्बाइन मध्यरात्रीपर्यंत चालतात, म्हणून निखिलही रात्री अकराला घरी यायचा. ऐन सुगीत आपल्याकडचा शेतकरी तरी दारात आलेल्याला "बसा, चहा घ्या" म्हणत थांबतो का? आणि ते एक बोट वर करणं हा तिथला रामराम. ओळखीचा असो-नसो, समोरून येणाऱ्या प्रत्येकाला करतात.

बरं, कुणीच आलं नव्हतं हेही खरं निघालं नाही. बोलता बोलता रेवती म्हणाली, सप्टेंबरात शेजारच्या आजी काचेच्या भांड्यात रूबार्बचं काहीतरी गोड घेऊन आल्या होत्या. भांडं अजून तिच्याकडेच होतं. का? "रिकामं कसं परत देऊ? आणि भरून काय देऊ, त्यांना आपलं काय चालतं कुणास ठाऊक." अडीच महिने ते भांडं ओट्यावर धुऊन-पुसून पालथं ठेवलेलं, आणि ते दिसलं की हिला लाज वाटायची, म्हणून ही त्या बाजूच्या फुटपाथने जायचीच बंद झाली. तिकडे आजींना वाटलं असणार, मुलीला एकटं राहायला आवडतं. एकटेपण असं तयार होतं. त्यात कुणाचा दुष्टपणा नसतो.

पुढच्या सत्राआधी तिने मसुराची आमटी आणि भात भरून भांडं परत केलं, तिखट अगदी बेताचं. आजींनी भांडं उघडलं, बघितलं, आणि दिराला फोन लावला. दीर मसूर पिकवतो. तो रविवारी मुद्दाम भेटायला आला आणि बसल्या बसल्या पहिला प्रश्न काय, तर भारत आयात शुल्काचं काय करणार आहे! २०१७ च्या अखेरीस आपण आधी वाटाण्यावर ५० टक्के आणि मग मसुरावरही शुल्क लावलं, त्याची झळ थेट या लोकांच्या खळ्यापर्यंत पोचली होती. डोंबिवलीच्या वाण्याकडच्या डाळीचं आणि या गावाचं नातं रेवतीला तोवर माहीत नव्हतं. तिने त्याला शपथेवर सांगितलं की तिचा यात काही हात नाही.

फोनचंही आम्ही बदललं. सगळे फोन सकाळी रचण्याऐवजी आईचा एक रात्री आठला, म्हणजे डोंबिवलीत सकाळी साडेसात, आईच्या दुसऱ्या चहाला. सकाळ मोकळी झाली. सुरुवातीला त्या मोकळ्या सकाळी तिला जास्तच त्रास झाला, हे सांगायला हवं. ते दोन-तीन आठवडे कठीण गेले. मार्चमध्ये लायसन्स हातात आलं, जुनी का होईना पण दुसरी गाडी घेतली. निघण्याआधी रस्त्यांची स्थिती बघायची, मागे फावडं आणि ब्लँकेट ठेवायचं, हे निखिलने पक्कं शिकवलं. एप्रिलमध्ये को-ऑपमध्ये अर्धवेळ काम मिळालं. तिथे गल्ल्यावर प्रत्येकाला सभासद क्रमांक विचारतात, वर्षाअखेर खरेदीवर परतावा मिळतो. निखिल म्हणाला, "ताई, सांगली सोडून सांगलीतच आलो." गल्ल्यावर बसलं की गावातला माणूस न् माणूस समोरून जातो. नावं पाठ झाली.

ही गोष्ट मी सुखान्त म्हणून सांगत नाहीये. सगळ्यांना रेवतीसारखं जमत नाही. एका बाईंना मी स्पष्ट सांगितलं होतं की तुम्ही शहरात परत जा. त्यांच्या मुलाला ज्या उपचारांची गरज होती ते तासन्‌तास गाडी हाणल्याशिवाय मिळत नव्हते, आणि ते प्रत्येक आठवड्याचं होतं. तिथे शेजारच्या आजी कितीही प्रेमळ असत्या तरी उपयोग नव्हता. कागदपत्रांत अडकलेल्यांनी गाव सोडण्याआधी इमिग्रेशनच्या जाणकाराला विचारावं, तो माझा प्रांत नाही.

निघायच्या बेतात असलेल्यांना मी एवढंच विचारते: जो नोकरीसाठी चाललाय त्याचं सोडा. जो बरोबर चाललाय, त्याचा मंगळवार दुपारी दोन वाजता कसा असेल? गाडी कुणाकडे असेल? उत्तर 'बघू, होईल काहीतरी' असं आलं तर मी आधी लायसन्सची तारीख विचारते, मग बाकीचं.

जूनचा शेवटचा रविवार आला. दिवस सोळा तासांवर गेलेला, कॅनोला अजून फुलायचा होता. दोघं वही घेऊन बसले. निखिलला राहायचं आहे. रेवतीलाही सस्कॅचेवान सोडायचं नाही, पण तिला मूस जॉला जायचं आहे: तेहतीस-चौतीस हजारांची वस्ती, तिथे पॉलिटेक्निक आहे, तिला तिचं हिशेबाचं काम परत हवं आहे. निखिलचं म्हणणं, मग रोज इतकं अंतर हिवाळ्यात कोण कापणार? यावर सध्या दोघांचं कडाक्याचं भांडण चालू आहे, आणि गंमत म्हणजे ब्रॅम्प्टनचं नावही कुणी काढत नाही. सुगी आली म्हणून पुढचं सत्र आम्ही नोव्हेंबरात ठेवलंय.