नळीच्या बाटलीत बुडबुडे येतायत, घाबरायचं का?

प्रश्न : बाबांच्या फुफ्फुसात कॅन्सरची गाठ निघाली. परवा सीटी स्कॅनवर बघत सुई घालून बायॉप्सी केली, संध्याकाळी धाप लागली, एक्सरे काढला तर फुफ्फुस कोलॅप्स झालंय म्हणाले आणि बरगड्यांमधून नळी घातली. बाटलीत सारखे बुडबुडे येतात, आईला वाटतं कॅन्सर पसरला. आता ट्रीटमेंट लांबणार का?

उत्तर : आधी आईंना सांगा, बुडबुड्यांचा आणि कॅन्सर पसरण्याचा काही संबंध नाही. सुईने फुफ्फुसाला बारीक भोक पडलं, त्यातून हवा बाहेर येऊन छातीच्या पोकळीत साठली आणि तिच्या दाबाने फुफ्फुस आकसलं, आता तीच हवा नळीतून निघतेय. बाटलीत पाणी असतं ते हवा परत आत जाऊ नये म्हणून. भोक बुजलं की बुडबुडे थांबतात, मग एक्सरेत फुफ्फुस नीट फुगलेलं दिसलं की नळी काढतात, बहुतेकांचं काही दिवसांत होतं.

तुम्ही एक मात्र बघा, बाटली कायम छातीच्या खाली आणि उभी हवी. पेशंटला एक्सरेला नेताना घाईत ती गादीवर पायाशी ठेवलेली मी खूपदा पाहिलीय, त्याने पाणी उलटं छातीत जाऊ शकतं. आणि बुडबुडे येत असताना नळीला चिमटा लावायचा नाही, हवा आत कोंडते.

हवा थांबलीच नाही तर नळीतून टाल्क पावडर सोडतात, त्याने फुफ्फुस बरगड्यांच्या आतल्या अस्तराला चिकटतं, एकदोन दिवस दुखतं, तापही येतो, तेव्हा दुखायचं औषध मागून घ्या, सोसत बसू नका. काहींना एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह लावून घरीही सोडतात.

कोलॅप्स म्हणजे दरवेळी हवाच असं नाही हो. गाठीने श्वासनळीची फांदी बंद केली तरी पुढचा भाग बसतो, तिथे ही नळी उपयोगाची नाही, दुर्बिणीतून वाट मोकळी करणं, स्टेंट नाहीतर रेडिएशन लागतं. म्हणून दुसऱ्या पेशंटचा अनुभव ऐकून बाबांशी तुलना करू नका.

बायॉप्सीचे रिपोर्ट यायला तसेही दिवस लागतात, तोवर फुफ्फुस सावरेल, त्यामुळे वेळ वाया जातोय असं मनात आणू नका. बाबा सिगारेट ओढत असतील तर आजपासून बंद, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत विमानप्रवास नाही. अचानक धाप वाढली, ओठ निळे पडले किंवा नळी निसटली तर क्षणभर न थांबता सिस्टरांना हाक मारा, रात्रीचे तीन वाजलेले असले तरी.