लिंकनच्या आईचे आजोळ

अब्राहम लिंकनची आई नॅन्सी हँक्स ही मुळात कोणाची मुलगी होती आणि ते ठरवायला इतका काळ का लागला, असे आपण विचारले आहे. पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे: ती लूसी हँक्सची मुलगी आणि जोसेफ हँक्सची नात, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. दुसऱ्या भागापायी मात्र मी स्वतः या विषयावरचे बरेच वाचन केले आहे.

केंटकीच्या सरहद्दीवरील वस्त्यांमध्ये बाईचे नाव कागदावर येण्याचे प्रसंग मोजकेच असत: लग्न, वडिलांचे मृत्युपत्र, जमिनीची विक्री किंवा एखादा खटला. १२ जून १८०६ रोजी वॉशिंग्टन काउंटीत नॅन्सीचे टॉमस लिंकनशी लग्न झाले, पण ती नोंदसुद्धा मुलाच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी उजेडात आली आणि तोवर त्याच्या जन्माविषयी वाटेल ते बोलले गेले. ५ ऑक्टोबर १८१८ रोजी इंडियानात नॅन्सी वारली. रानातली एक विषारी वनस्पती खाल्लेल्या गाईचे दूध पोटात गेल्याने होणारा आजार त्या वस्तीत पसरला होता, आणि जिने तिला वाढवले ती मावशी एलिझाबेथ व तिचा नवरा टॉमस स्पॅरो हेही त्याच साथीत गेले. ज्यांना विचारता आले असते अशी घरातली जाणती माणसे एका हंगामात संपली, तेव्हा लिंकन नऊ वर्षांचा होता.

खरा घोळ झाला तो एका कालवडीमुळे. जोसेफ हँक्सच्या १७९३ च्या मृत्युपत्रात मुलगी नॅन्सी हिला ‘पाईडी’ नावाची कालवड दिलेली आहे. १८९९ साली कॅरोलाइन हँक्स हिचकॉक यांनी हीच नॅन्सी लिंकनची आई असे मांडले, तिची आई शिपली घराण्यातली ठरवली, आणि अनौरस जन्माचा प्रश्नच उरू न देणारी, म्हणून घराण्याला सोयीची अशी ती वंशावळ दीर्घकाळ चालली. वस्तुतः मृत्युपत्रातली नॅन्सी ही लिंकनच्या आईची त्याच नावाची मावशी, म्हणजे तिचा मावसभाऊ डेनिस हँक्स याची आई. एका घरात एकच नाव दोघींना असेल, तर केवळ नाव जुळले म्हणून माणूस जुळवू नये, हे मी तेव्हापासून कटाक्षाने पाळतो.

२०१५ साली आईकडून मुलीकडे जाणाऱ्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएच्या चाचणीचे निष्कर्ष आले. लूसीच्या लेकींच्या वंशात आणि जोसेफच्या इतर लेकींच्या वंशात या डीएनएचा एक्स१सी हा एकच दुर्मीळ गट आढळला, त्यामुळे लूसी ही जोसेफ व त्याची पत्नी ॲन ली यांचीच मुलगी ठरली. येथे एक सावधगिरी हवी, कारण खुद्द नॅन्सीचा स्त्रीवंश आज उरलेला नाही. तिची एकुलती एक मुलगी सारा १८२८ साली बाळंतपणात गेली आणि तिचे मूलही जगले नाही. म्हणून नॅन्सी ते लूसी हा दुवा अजूनही कागदपत्रांवर आणि साक्षींवरच उभा आहे.

त्या साक्षींपैकी सर्वांत वजनदार साक्ष लिंकनचीच आहे. १८५० च्या सुमारास घोडागाडीतून कोर्टाच्या कामाला जाताना, आपली आई ही लूसी आणि व्हर्जिनियातील एक खानदानी मळेवाला यांची अनौरस मुलगी होती, असे त्याने सांगितले, ही आठवण त्याचा वकिलीतला भागीदार विल्यम हर्नडन याने १८८९ साली छापली. त्या मळेवाल्याचे नाव मात्र हर्नडननेही दिलेले नाही.