आधी तिच्या दारात जा

प्रिय बाळ,

ख्रिस्तात सलाम.

तुझा मेसेज सोमवारी रात्रीच आला, पण फोनवरचं एवढं बारीक मला दिव्यात वाचवत नाही, म्हणून सकाळी ओसरीवर उजेडात बसून वाचला. दोनदा वाचला. कुणाला दाखवला नाही, दाखवणारही नाही.

तू खोली सोडलीस. तुझ्या वाट्याचं दोन महिन्यांचं लाइटबिल आणि घरमालकाने डिपॉझिटमधून कापलेले पैसे मिळून ६,४०० रुपये त्या मुलीच्या अंगावर पडले. ती गेल्या नाताळात तुझ्याबरोबर उपासनेला आली होती, नंतर तुझ्याकडून नवा करार मागून घेतला होता. आता ती विचारते, "तुमच्या चर्चमध्ये हेच शिकवतात का?" आणि तू मला विचारतेस की प्रार्थनेत क्षमा मागितली ती पुरे नाही का, हा सैतानाचा हल्ला तर नसेल ना, आणि माझ्या वागण्यावर जो विश्वास टिकतो किंवा मोडतो, तो विश्वास तरी कसला?

सैतानाला यात ओढू नको. बिल तू थकवलंस.

दृढीकरणाच्या, म्हणजे मंडळीत पक्कं सामील होण्याआधीच्या वर्गात मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय तुमच्याकडून पाठ करून घेतला होता. तेविसावं आणि चोविसावं वचन पुन्हा काढ. दान घेऊन वेदीपाशी आलीस आणि आठवलं, की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव आणि निघून जा. आधी समेट, मग दान. त्याच्या मनात, असं म्हटलंय. तुझ्या मनात नव्हे. चूक कोणाची, किती रुपयांची, हेही प्रभू विचारत नाही. आणि हे तो कुठे बोलला? गालीलात. वेदी होती यरुशलेमात. गालीलातल्या माणसाला तिथून उठून घरी यायचं म्हणजे तीन-चार दिवसांची पायपीट, आणि पुन्हा तेवढीच परत. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तो सगळा रस्ता उभा राहिला असेल. तरी प्रभू म्हणतो, आधी जा. तुला दोन बस बदलायच्या आहेत.

मी हे इतक्या हट्टाने का सांगतो, ते तुला माहीत नाही. वर्गात कधी बोललो नाही.

१९८३ साली आमच्या मंडळीच्या छपरासाठी पत्रे घ्यायचे होते. उपासनेनंतर पाळक एकेकाचं नाव आणि आकडा वाचून दाखवत. मी ५०० रुपये लिहिले. माझं नाव वाचलं गेलं तेव्हा मागच्या बाकावरच्या दोघातिघांनी वळून पाहिलं, आणि मला ते आवडलं. त्याच वेळी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात माझी ३१२ रुपयांची उधारी पाच महिन्यांपासून पडून होती. पगार उशिरा व्हायचा, तीन मुलं, आईचं औषधपाणी, अशी सगळी कारणं माझ्याकडे होती, आणि ती खोटी नव्हती. पण ५०० रुपये माझ्याकडे होते, हेही खोटं नव्हतं. मी दुकानाची गल्ली टाळून मागच्या बोळाने चर्चला जाऊ लागलो.

त्या दुकानात तागडीवर एक तरुण होता. पुड्या बांधता बांधता मला येशूबद्दल विचारायचा. फार नेमकं विचारायचा. मी त्याला लूकच्या शुभवर्तमानाची छोटी पुस्तिका दिली होती. एका संध्याकाळी शेठने त्याला उधारीची वही घेऊन माझ्या घरी पाठवलं. त्याने वही उघडून माझं पान दाखवलं. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात देतो. तो बरं म्हणाला, खिशातून ती पुस्तिका काढली, वहीशेजारी ठेवली आणि वही तेवढी उचलून गेला. रागावला नाही, एक शब्द बोलला नाही. पुस्तिकेत पंधराव्या अध्यायापाशी पुडीच्या दोऱ्याचा तुकडा खुणेसाठी घातलेला होता. हरवलेल्या मेंढरापर्यंत तो पोचला होता. बापाकडे परतणारा मुलगा पुढच्याच पानावर होता.

उधारी मी चार दिवसांत फेडली. तोवर तो काम सोडून गावी गेला होता. कुठल्या गावी, हे मी शेठलाही विचारलं नाही, कारण विचारायचं तोंड नव्हतं. ती पुस्तिका अजून माझ्या कपाटात आहे.

म्हणून तू लिहितेस ना, "माझ्या वागण्यावर टिकणारा विश्वास तो कसला", तेव्हा मला राग येतो. वाक्य चुकीचं नाही. तारण प्रभू देतो, तू देत नाहीस, हे मीच तुला शिकवलं. पण हे वाक्य तिने म्हणायचं आहे. अडखळणाऱ्याने म्हणावं, की मी माणसाकडे पाहणार नाही, ख्रिस्ताकडे पाहीन. वाटेत धोंडा टाकणाऱ्याने ते म्हणायचं नसतं. प्रेषित पौलाला मूर्तीला वाहिलेलं मांस खाण्याची पूर्ण मोकळीक होती आणि मूर्ती काहीच नाही हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी तो करिंथच्या मंडळीला लिहितो, की माझ्या खाण्याने भाऊ अडखळत असेल तर मी कधीच मांस खाणार नाही. त्याच्याकडे हक्क होता आणि त्याने तो सोडला. तुझ्याकडे तर हक्कही नाही, तुझ्याकडे देणं आहे.

आणि हे दोन मैत्रिणींपुरतं राहत नाही. १९३५ साली येवल्याला बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा सगळ्या धर्मांचे लोक त्यांच्याकडे डोळे लावून बसले, आपलेही. १ जानेवारी १९३८ ला ते सोलापुरात ख्रिस्ती लोकांपुढे बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांनी आपल्याला ओढून घेतलं, असं त्यांनी सांगितलं. पण दक्षिणेतल्या ख्रिस्ती लोकांनी चर्चमध्ये पाळलेली जातपातही त्यांनी तिथेच समोर ठेवली. त्यांनी शेवटी जो मार्ग घेतला त्याची कारणं पुष्कळ होती, आणि तो त्यांचा विचारपूर्वक घेतलेला मार्ग होता. मला बोचतं ते आपलं. ख्रिस्ताबद्दल इतक्या आदराने बोलणाऱ्या माणसाला त्याच भाषणात आपली बाकं दाखवावी लागली.

आता पंडिता रमाबाईंचं पाहा. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या त्या शिकायला; बाप्तिस्मा घ्यायचा नाही, असं ठरवूनच गेल्या होत्या. वाँटेजच्या मठातल्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांना लंडनमध्ये फुलहॅमला आपलं काम दाखवायला नेलं. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे त्या भगिनी मायेने सांभाळत होत्या. आपल्याकडे अशा बाईला दारातही उभं करत नाहीत, आणि इथे तिला घर मिळतं, हे रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिलं. मग त्यांनी विचारलं, तुम्ही हे का करता? तेव्हा कुठे त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली, येशू विहिरीपाशी जिच्याशी बोलला त्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. क्रम लक्षात घे. आधी काम दिसलं, मग प्रश्न आला, मग वचन आलं. त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे केडगावात मुक्ती मिशन उभं राहिलं. फुलहॅमच्या त्या भगिनींना आपल्याकडे कोण पाहतंय, याची कल्पना तरी होती का?

तूही मैत्रिणीला नवा करार दिलास. चांगलं केलंस. पण तो उघडायच्या आधी ती रोज तुला पाहत होती: भांडी कोण घासतं, गॅस संपला की पैसे कोण काढतं.

मंडळीत माझ्याबद्दल काय बोलतात, ते तू ऐकलं असशीलच. काका हट्टी, काकांचं कुणाशी पटत नाही. खजिनदार असताना पावती नसलेल्या खर्चावर मी सही केली नाही. "घरातली गोष्ट आहे, बाहेर बोभाटा होईल," म्हणून सगळे समजावत होते. मी म्हटलं, बोभाटा सहीने थांबणार नाही, पावती आणा. पावती आली नाही, मी पद सोडलं. दोन घरांनी आमच्याशी बोलणं टाकलं. त्याचा त्रास मला कमी झाला, तुझ्या काकूला जास्त झाला. ती अजून म्हणते, की जरा गोड बोलून सांगता आलं असतं. आलं असतं. आवाज मी चढवला होता, आणि त्यासाठी दोन्ही घरी जाऊन माफी मागून आलो. सहीबद्दल मात्र मागितली नाही, मागणारही नाही. ज्याने एकदा तो दोऱ्याचा तुकडा पाहिला आहे, त्याच्याकडून ती सही होणं शक्य नव्हतं. असो. पत्र तुझं आहे.

बायबलमधला जकातदार जक्कय काय म्हणाला आठव. कुणाचं काही अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत देतो, हे तो प्रभूसमोर उभा राहून बोलला. आकडा बोलला. तुझ्या प्रार्थनेत आकडा होता का?

तर आता ऐक. पैसे मोबाइलवरून पाठवू नको. पाठवलेस की तुला हलकं वाटेल आणि जाणं राहून जाईल. रोख घे आणि शनिवारी तिच्या दारात जा. कमी पडत असतील तर मला कळव, मी देतो, मला महिन्यामहिन्याने फेड. पोचल्यावर "गैरसमज झाला" म्हणू नको, "तुला वाईट वाटलं असेल तर" म्हणू नको. हे माझं देणं होतं, मी ते चुकवलं, माझं चुकलं, एवढंच म्हण. प्रभूचं नाव काढू नको, येत्या रविवारचं आमंत्रण देऊ नको. तिला बोलायचं असेल ते बोलू दे, मध्ये तोंड घालू नको. आत बोलावून पाणी दिलं तर बस आणि पी. पैसे घेऊन दार लावलं तर मुकाट्याने परत ये.

आणि रविवारी गीतं तू गातेस, ते तुझं दान आहे. शनिवारी काही कारणाने जाणं झालं नाही, तर या रविवारी गीतांची वही दुसऱ्या मुलीच्या हातात दे आणि मागच्या बाकावर बस. पाळकांनी विचारलं तर माझं नाव सांग.

तुझा,
काका