डेस्कटॉप विकून त्याच्या जागी मोठा गेमिंग लॅपटॉप घेतला तर पश्चात्ताप होतो का? सुरुवातीला काय जाणवतं?

नाही होत. मी डेस्कटॉप पूर्ण काढून टाकून १८ इंची लॅपटॉप आणलाय, दोन्ही ठेवलेले नाहीत, त्यामुळे मी बोलू शकतो. खरं तर एवढं लांब उत्तर लिहिणार नव्हतो, पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय ना की "सगळे म्हणतात तेवढ्याच पैशात याच्यापेक्षा भारी डेस्कटॉप बसतो", ते वाचलं आणि राहवलं नाही.

आमचे दाजी कॉम्प्युटर असेंबल करून देतात, नाशिकरोडला. हात खरंच चांगला आहे त्यांचा, माझा आधीचा डेस्कटॉप त्यांनीच बसवलेला आणि तो शेवटपर्यंत नीट चालला. पण भाचीच्या बारशाला जेवायला बसलेलो असताना सगळ्यांसमोर म्हणाले, "याने तीन लाखाचं खेळणं घेतलंय, मला सांगितलं असतं तर दोन लाखात याचा बाप बसवून दिला असता." दाजींना उलट बोलता येत नाही, ताई समोर वाढत होती, आई माझ्याकडे बघत होती, गप्प बसलो. तर ते तिथे राहिलेलं उत्तर इथे देतोय, तुमच्या कामी येईल.

आकड्यांत दाजी बरोबर आहेत, ते आधीच सांगतो. माझ्याकडे आरटीएक्स ५०८० हे ग्राफिक्स कार्ड आहे. लॅपटॉपच्या ५०८० मध्ये ७६८० कूडा कोअर (कार्डमधले छोटे गणित करणारे भाग), डेस्कटॉपच्या ५०८० मध्ये १०७५२. लॅपटॉपवाल्याला जास्तीत जास्त १७५ वॅट मिळतात, डेस्कटॉपवाला ३६० वॅट खातो. कार्डची मेमरी दोन्हीकडे १६ जीबी. म्हणजे डब्यावर नाव तेच असलं तरी ताकद तेवढी नाही, आणि दुकानात हे कोणी आपणहून सांगत नाही. पण या आकड्यांवरून "डेस्कटॉपच घे" असं म्हणणाऱ्या प्रत्येक माणसाला मला एकच विचारायचंय, तुमच्याकडे स्वतःचं टेबल आहे ना? कारण हा सल्ला देणाऱ्यांच्या घरी किंवा दुकानात एक कोपरा त्यांच्या नावाचा असतो. आमचं घर नाशिकच्या सिडकोतलं, खोल्या लहान. ज्यांनी सिडकोतली मूळ घरं बघितलीत त्यांना जास्त सांगायला नको. माझा डेस्कटॉप हॉलमध्ये टीव्हीशेजारी होता, पाहुणे आले की माझं काम बंद, बाबांच्या बातम्या लागल्या की माझं काम बंद, रात्री रेंडर (मॉडेलवरून व्हिडिओ तयार करणं) लावला की आई म्हणणार तो लाईट आणि पंखा बंद कर झोप येत नाही. माझं काम बिल्डर लोकांसाठी थ्रीडी वॉकथ्रू, म्हणजे न बांधलेल्या घरात फिरून आल्यासारखं दाखवणारं चित्रण, करून द्यायचं आहे, गेम नंतर येतात. काम हॉलमध्ये अडकलेलं असलं की कार्डमध्ये कोअर किती आहेत याने काय फरक पडतो?

आता खरा प्रसंग सांगतो. लॅपटॉप नवीनच होता, गंगापूर रोडला एका साइट ऑफिसमध्ये तो घेऊन गेलो. आधी कसं असायचं, घरी रात्रभर रेंडर करायचं, व्हिडिओ पेनड्राइव्हवर टाकायचा, तिथे टीव्हीला लावायचा, आणि गिऱ्हाईकाने काही विचारलं की "उद्या करून आणतो". त्या दिवशी एक कुटुंब आलेलं, नवरा बायको आणि त्यांच्यासोबत आजी. नवरा बायको मॉड्युलर किचन, पार्किंग वगैरे विचारत होते, आजी गप्प होत्या. मग त्यांनी मलाच विचारलं, "बाळा, या गॅलरीत तुळस ठेवली तर सकाळचं ऊन लागेल का?" सेल्सवाला म्हणाला हो आजी, ईस्ट फेसिंग आहे, भरपूर ऊन. मी म्हटलं थांबा, दाखवतो. सॉफ्टवेअरमध्ये ठिकाण नाशिक टाकलेलंच होतं, आधी मे महिना लावला, सकाळी गॅलरीत लख्ख ऊन. मग डिसेंबर लावला आणि वेळ एकेक तास पुढे सरकवत नेली. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलून उगवतो आणि त्या बाजूला शेजारच्या प्लॉटवर बिल्डिंग उभी आहे, ती मी मॉडेलमध्ये घेतली होती, तिची सावली त्या मजल्यावरच्या गॅलरीवर नऊ वाजून गेले तरी हटेना. आजी खुर्ची ओढून स्क्रीनजवळ आल्या. म्हणाल्या, वरच्या मजल्यावर दाखव. मी वर नेलं, तिथे सावली बरीच लवकर सरकत होती. हे सगळं तिथल्या तिथे, रे ट्रेसिंग (प्रकाश आणि सावली खऱ्यासारखी काढणं) चालू ठेवून, कुठेही न अडकता. आजींनी मुलाला सांगितलं वरचा घ्यायचा, आणि त्यांनी वरचाच घेतला. सेल्सवाला माझ्यावर नाराज झाला, पण बिल्डर नंतर मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले की पुढच्या प्रोजेक्टला असंच समोर बसून दाखवायचं, व्हिडिओ नको. त्याचे पैसे मी वेगळे लावतो आता.

हे डेस्कटॉपने झालं असतं का? टॉवर, मॉनिटर, कीबोर्ड ॲक्टिव्हावर घालून गंगापूर रोडला न्यायचे का? दाजी म्हणतात कामाला घरी डेस्कटॉप आणि दाखवायला साधा लॅपटॉप घ्यायचा. साध्या लॅपटॉपवर तो सीन उघडतसुद्धा नाही, मी करून बघितलंय.

बरं, तुमचा मूळ प्रश्न, सुरुवातीला काय जाणवतं. सगळ्यात आधी वजन. नुसता लॅपटॉप तीन किलोच्या पुढे आणि ३३० वॅटचा अडॅप्टर वेगळा, तो स्वतःच एक किलोच्या आसपास, बॅग खांद्यावर घेतली की कळतं. दुसरं म्हणजे माझ्या अडॅप्टरच्या वायरला जाड पिन आली, १६ अँपिअरची, गीझर एसीला असते तशी. घरात तसा सॉकेट फक्त बाथरूमबाहेर. खरं तर ३३० वॅट म्हणजे २३० व्होल्टला दीड अँपिअरसुद्धा धड होत नाही, ६ अँपिअरच्या सॉकेटवर आरामात चालतो, फक्त चांगल्या कंपनीचा कन्व्हर्टर घ्या, रस्त्यावरचा तीस रुपयाचा नको.

स्क्रीन बघून मात्र मन भरलं. १६:१० आकारामुळे (रुंदी १६ तर उंची १०) उंची जास्त मिळते, टाइमलाइन आणि टूलबार उघडे ठेवूनसुद्धा चित्राला जागा राहते, आणि २४० हर्ट्झवरून (सेकंदाला २४० वेळा चित्र बदलतं) परत ६० वर गेलं की डोळ्याला खटकतं. गेम म्हणाल तर सायबरपंक पाथ ट्रेसिंग (रे ट्रेसिंगचा सगळ्यात जड प्रकार) लावून खेळलो, डीएलएसएस (लहान चित्र एआयने मोठं करणं) आणि फ्रेम जनरेशनच्या (मधल्या फ्रेम एआयने बनवणं) जोरावर मस्त चालतो, त्यांच्याशिवाय नाही, आणि नाशिकच्या मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत तर पंखे पूर्ण वेगाने फिरणारच. आवाज खूप आहे. परफॉर्मन्स मोडला शेजारच्या खोलीत ऐकू जातो, बायकोचा ऑफिस कॉल चालू असला की मी बॅलन्स्डवर आणतो, थोडे फ्रेम जातात, घरात शांतता राहते. गादीवर अजिबात ठेवू नका, हवा खालून ओढतो तो.

घेतल्या घेतल्या जे करायचं ते कराच, फुकटचा ट्रायल अँटिव्हायरस काढा, बायॉस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट करा, बॅटरीला ८० टक्क्यांची मर्यादा लावा कारण हा बहुतेक वेळ प्लगलाच राहणार आहे, आणि गेम खेळताना मक्स स्विच नावाच्या सेटिंगने डिस्प्ले थेट ग्राफिक्स कार्डवर टाका. टाइप-सीच्या १०० वॅट चार्जरवर डॉक्युमेंट लिहिता येतात, रेंडर होत नाही.

लाईट जाण्याबद्दल कोणीच लिहीत नाही म्हणून सांगतो. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट जाते येते. डेस्कटॉपला यूपीएस होता, पण रेंडर चालू असताना कार्ड एवढं ओढायचं की तो बीप करून हात वर करायचा आणि रात्रीचं काम पाण्यात. दाजी म्हणाले मोठा यूपीएस घे, त्याचे पैसे "दोन लाखात" धरलेले नव्हते, मॉनिटरचेही नव्हते, कीबोर्ड, वेबकॅम, स्पीकरचेही नव्हते. लॅपटॉपमध्ये ९९ वॅट-अवरची बॅटरी आहे (विमानात १०० च्या वरची सहज नेऊ देत नाहीत म्हणून कंपन्या तिथेच थांबतात), लाईट गेली की वेग निम्म्याखाली येतो पण काम मरत नाही. थोड्या वेळात लाईट आली नाही तर सेव्ह करून बंद करतो.

आता तोट्याचं. ग्राफिक्स कार्ड बदलता येत नाही, रॅम आणि एसएसडी तेवढे बदलता येतात. बोर्ड गेला तर सगळंच गेलं, म्हणून वॉरंटी वाढवूनच घ्या, आणि घ्यायच्या आधी दुकानदाराला नाही, कंपनीला विचारा की इंजिनिअर नाशिकला घरी येतो का मशीन मुंबई पुण्याला पाठवावं लागतं. ज्याचं काम एकाच जागी बसून आहे, वेगळी खोली आहे, त्याने डेस्कटॉप घ्यावा, हे मी मनापासून सांगतो, तिथे दाजींचंच ऐका. नुसता गेमसाठी ईएमआयवर घेत असाल तर ५०७० टीआय बघा, १२ जीबी मेमरी आहे, बराच स्वस्त पडतो. ८ जीबीवाला साधा ५०७० एवढ्या महाग बॉडीत घेऊ नका.

आणि दाजींसाठी, कारण ताई हे वाचते आणि त्यांना दाखवेल. तुम्ही म्हणालात खेळणं. त्या साइटचं पुढचं काम मला या लॅपटॉपमुळे मिळालं, त्याचा ॲडव्हान्स आलाय, आणि पुढच्या वेळी घरी आलात की मी तुम्हाला तसाच सीन उघडून दाखवतो, डिसेंबर लावून, तुमच्याच बिल्डिंगचा.