तुमचे प्रश्न: समुद्राच्या कडेकडेने गाडी घेऊन

प्रश्न: डिसेंबरमध्ये पाच दिवस सुट्टी आहे, पुण्याहून आमच्या छोट्या गाडीने किनाऱ्याकिनाऱ्याने थेट गोव्यापर्यंत जायचंय. सोबत सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. जमेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: ताई, पाच दिवसांत गोवा नका धरू. पोचाल तुम्ही, पण दिवसभर नुसतं ड्रायव्हिंग होईल आणि सासूबाईंचे गुडघे गाडीतच आखडतील. दिवेआगर ते गणपतीपुळे एवढाच पट्टा घ्या, माझ्या मते अख्ख्या कोकणात गाडीने फिरायला यासारखा पट्टा नाही.

ताम्हिणी घाटातून माणगाव, म्हसळा करत दिवेआगरला मुक्काम. दुसऱ्या दिवशी श्रीवर्धनला आतल्या रस्त्याने जाऊ नका, आरावी-शेखाडीवरून जा, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला अगदी रस्त्याला लागून काळा खडक नि लाटा, मध्येमध्ये थांबावंसं वाटणारच. पुढे हरिहरेश्वर करून बागमांडल्याला फेरीबोट, गाडीसकट पलीकडे वेश्वीला उतरायचं. तिथून केळशी, आडे, आंजर्ले. रस्ता अरुंद आहे, समोरून एसटी आली की कुणीतरी मागे घ्यावंच लागतं, घाई करू नका. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला गाडी वरपर्यंत जाते, सासूबाईंना आरामात दर्शन होईल. संध्याकाळी हर्णै बंदरात मासळीचा लिलाव नक्की बघा, वाळूवरच सुरमई-पापलेटचे ढीग लागलेले असतात आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. मुक्काम मुरुडला (दापोलीजवळचं, जंजिऱ्याचं नव्हे).

तिसऱ्या दिवशी दाभोळ-धोपावे फेरी आणि गुहागर. ही फेरी नसती तर चिपळूणवरून केवढातरी वळसा पडला असता. चौथ्या दिवशी हेदवी, वेळणेश्वर, मग तवसाळ-जयगड ही शेवटची फेरी, वाटेत मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आणि गणपतीपुळे. परत येताना आंबा घाटातून कोल्हापूरला चढा आणि हायवेने पुणे.

आता एक गोष्ट जी लोक बघतच नाहीत, ती म्हणजे भरती-ओहोटी. हेदवीला बामणघळ आहे, खडकातली अरुंद चीर, भरतीला लाट आत घुसते आणि कोंडून एकदम उंच उसळते, ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसते आणि माणसं "हे काय बघायचं" म्हणत परत येतात. हरिहरेश्वरला नेमकं उलट, तिथली खडकातली प्रदक्षिणा ओहोटीलाच करायची, भरतीला तिकडे फिरकायचंसुद्धा नाही, लाट माणसाला ओढून नेते. (पायऱ्या आहेत, सासूबाईंनी देवळातच बसावं.) हिशोब सोपा आहे, तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, सकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती आणि पुन्हा संध्याकाळी साधारण सहा-साडेसहाला. चतुर्थीला तीनच्या आसपास. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. अंदाजच आहे हा, पण कोकणातली जुनी माणसं याच्यावरच चालतात. तेव्हा हॉटेल बुक करायच्या आधी कॅलेंडरवर तिथी बघा!

पेट्रोल श्रीवर्धन, दापोली, गुहागरला भरून घ्या आणि थोडी कॅश जवळ ठेवा. फेरीच्या वेळा आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी विचारायच्या.

प्रश्न: हीच ट्रिप जून-जुलैमध्ये केली तर?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: हिरवंगार असतं, पण 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणजे हर्णैचा लिलाव नाही, आणि हवा बिघडली की फेरी थांबते, मग तुम्ही खाडीच्या अलीकडेच अडकणार. सप्टेंबर बघा की, गणपती झाल्यावर. पाऊस ओसरलेला असतो आणि जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवर, रानफुलं आलेली असतात, फक्त त्यांच्यावर गाडी घालू नका, कडेला लावून चालत जा.