१६ इंची बाहुलीला नऊवारी नेसवली की कमरेत फुगते. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की शेतकरी जोडपं घरीच केलंत, अंगात कापूस भरलाय, चेहरा आणि हातपाय मातीचे आहेत. बाईला आजीच्या लुगड्यातला तुकडा कापून नऊवारी नेसवली, तर ती कमरेला गाठोडं बांधल्यासारखी दिसते. मी जळगावात ब्लाउज शिवते आणि हौसेने बाहुल्यांचे कपडेही करते, तेव्हा उत्तर जरा लांबेल.

नेसवण्यात तुमचं काही चुकलेलं नाही. ६४ इंच उंचीची बाई १६ इंचांवर आणली की सगळं पाव होतं. नऊ वारांचं लुगडं सव्वादोन वार होतं, ४८ इंचांचा पन्हा, म्हणजे रुंदी, १२ इंच होतो. कापडाची जाडी मात्र होती तेवढीच राहते. बाईच्या कमरेला जे थर जाणवतही नाहीत, ते बाहुलीच्या कमरेवर चौपट जाड दिसतात. त्यामुळे बाहुलीची नऊवारी नेसवू नका, नेसल्यासारखी दिसेल अशी शिवा. बाहेरून दिसतं तेवढंच कापड ठेवा, आत दडतं ते कापून टाका.

कानबाईला, म्हणजे आपल्या खान्देशातल्या श्रावणातल्या देवीला, आपण अख्खं वस्त्र नेसवतोच की, असं तुमच्या मनात येईल. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते तेव्हा ती छान दिसतेच, पण तिला लोक समोरून बघतात. मागे किती टाचण्या खोचल्यात हे नटवणारीलाच ठाऊक. बाहुली लोक हातात घेतात, फिरवून बघतात, काही जण उलटी करूनही बघतात.

आता कापड. आजीचं लुगडं जपून ठेवा, ते या कामाचं नाही. त्याचा काठ तीन बोटं रुंद असेल, बाहुलीला तो अर्ध्या पोटरीपर्यंत येईल. त्यापेक्षा घरात आजोबांचं जुनं धोतर असेल तर ते काढा. धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं, अंगावर पडतं, आणि त्याचा काठ जेमतेम अर्धा-पाऊण इंच असतो, म्हणजे बाहुलीच्या मापाचा. शिवाय तो विणलेला काठ असल्याने खाली दुमडून शिवायची गरज नाही. तिथली जाडी आयतीच वाचते. रंग हवा तर धोतर रंगवून घ्या, गडद काठ त्यातूनही उठून दिसतो. धोतर नसेल तर मलमल घ्या. कोरी मलमल आधी धुऊन खळ काढा, नाहीतर ती ताठ राहते आणि निऱ्या पंख्यासारख्या बाहेर येतात. सिंथेटिक साडीचं कापड नको, ते चमकतं आणि घडी धरत नाही.

शिवताना तीन भाग वेगळे करा. पहिला भाग म्हणजे त्याच कापडाची पायाला बसेल अशी साधी विजार, कमरेला नाडी न घालता दोन टाके. दुसरा, निऱ्यांचा पट्टा. १४ इंच लांब तुकडा घ्या, काठ खाली ठेवा, एकेक इंचाच्या सहा निऱ्या घाला. बाईला जास्त लागतात, इथे सहा पुरतात. निऱ्या वर आणि खाली कच्च्या धावदोऱ्याने बांधा, पाणी शिंपडून इस्त्री करा आणि रात्रभर जाड वहीखाली ठेवा. कमरेला शिवून झालं की मगच खालचा धावदोरा ओढा. निऱ्यांचा वरचा भाग आत दुमडायचा नाही, सरळ कापायचा आणि त्यावर अरुंद पट्टी लावायची. कासोटाही तसाच: पायांमधून मागे जाणारं कापड खरं न नेता, मागच्या कमरेपासून खाली एक चुणीदार पट्टी शिवा आणि टोकं पोटऱ्यांच्या आतल्या बाजूला टाचा. तिसरा भाग पदराचा. तो डाव्या बाजूला मागे कमरेत शिवा, पाठीवरून उजव्या काखेखालून छातीवर आणा आणि डाव्या खांद्यावर घ्या. कमरेत आता एकावर एक असे फार थर उरत नाहीत.

चोळीला खण घ्या. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या खणाची नक्षी मुळातच बारीक असते, म्हणून ती बाहुलीवर मोठी वाटत नाही. कटिंगसाठी मापं घेत बसू नका. बाहुलीच्या अंगाला पातळ प्लास्टिक गुंडाळा, वर चिकटपट्टी लावा, पेनाने खांद्याची, काखेची, मधली रेघ आखा आणि कापून काढा. तो झाला तुमचा नमुना. माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जादा कापड, पाव इंच ठेवा, टीप मारल्यावर निम्मी छाटा. खणाचे धागे सुटतात म्हणून कापलेल्या कडेला पाण्यात पातळ केलेलं फेविकॉल बोटाने फिरवा. मशीनला ९ किंवा ११ नंबरची सुई, टाका बारीक. बाही आधी लावा, बगल मागाहून जोडा. मातीची बोटं अडकतात, त्यांच्यावर प्लास्टिकची छोटी पिशवी चढवून मग बाही सरकवा. चोळी पाठीवर उघडी ठेवून टिचबटण लावा. वेल्क्रो नको, तो खणाचे धागे ओढतो.

लाल, हिरव्या आणि काळ्या कापडाचा रंग पांढऱ्या ओल्या फडक्यावर घासून बघा. उतरत असेल तर त्या चोळीखाली पांढऱ्या मलमलीचं अस्तर घाला, नाहीतर काही महिन्यांत बाहुलीच्या अंगाला तो रंग लागतो. आणि ग्लू गनने कपडे चिकटवू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, बंद गाडीत तर त्याहून वर. तो डिंक मऊ पडतो आणि पदर खाली येतो.

शेतकऱ्याचं सोपं आहे. उरलेल्या धोतरातून त्याचं धोतर, तेही असंच भागांत शिवलेलं, वर सदरा. टोपीला मात्र खळ द्या आणि ओली असतानाच डोक्यावर बसवून वाळवा, आकार धरते.

पोशाखांची बाहुली कशी नीट दिसते ते बघायचं असेल तर दिल्लीला गेल्यावर शंकर बाहुली संग्रहालय बघा. १९६५ साली सुरू झालेलं आहे, आणि भारतातल्या पोशाखांच्या बाहुल्या तिथल्या कार्यशाळेतच तयार झाल्या. माझं लक्ष तिथे चेहऱ्यांपेक्षा काठांच्या रुंदीकडे जास्त गेलं.

पदर डोक्यावरून घेणार असाल तर केस शेवटी लावा. आधी पदर नुसता ठेवून बघा, कपाळावर कुठे येतो ती जागा खडूने टिपा, आणि अंबाडा त्यामागे थोडा खालीच बसवा. वर बसवला की पदर तंबूसारखा उभा राहतो आणि ते मग काही केल्या दबत नाही.