साहसी गेममध्ये पात्र चालवायला खेळणाऱ्यांना नक्की कुठलं कंट्रोल आवडतं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: एका जुन्या वाड्यात आजोबांची पेटी शोधणाऱ्या मुलीचा गेम तुम्ही बनवताय. प्रत्येक खोलीत कॅमेरा एका कोपऱ्यात बसवलेला आहे आणि खोली बदलली की दृश्य बदलतं. चालण्यावरून तुमच्या तिघा मित्रांत वाद लागलाय. एकाला वाटतं डावं-उजवं बटण दाबल्यावर मुलीनं जागेवर वळावं आणि वरचं दाबल्यावर तिच्या समोर चालावं. दुसरा म्हणतो स्क्रीनवर डावीकडं म्हणजे डावीकडंच जावं. तिसऱ्याला बोट टेकवलं तिथं ती आपली आपण चालत गेलेली हवी. आणि तुम्ही विचारताय, लोकांना यातलं काय आवडतं?

मी 2003 ते 2010 बेळगावात टिळकवाडीच्या रेल्वे गेटजवळ गेम पार्लर चालवलं. चार प्लेस्टेशन, सहा कॉम्प्युटर. सात वर्षं रोज खेळणाऱ्यांच्या पाठीमागं उभा राहून त्यांचे हात बघितले. त्या अनुभवावरून सांगतो, तिघांपैकी कोण बरोबर हे कॅमेरा कुठं आहे यावर ठरतं, आणि त्याच्याही आधी एका गोष्टीचा निकाल लावावा लागतो. डावीकडं म्हणजे कुणाच्या डावीकडं?

हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो गेममध्ये नाही, चिकोडीकडं मामांच्या शेतात. उसाची ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर अरुंद वाटेनं आत यायचा होता. एका बाजूला बांध, दुसऱ्या बाजूला पाण्याचा पाट. वाट दाखवायला एक गडी ट्रॅक्टरकडं तोंड करून समोर उभा राहिला आणि हात हलवत ओरडायला लागला, "एडक्क, एडक्क!" म्हणजे डावीकडं घे. ड्रायव्हर मराठी, पण आमच्याकडं एवढं कन्नड सगळ्यांनाच कळतं. त्यानं ताबडतोब आपल्या डावीकडं स्टिअरिंग मारलं आणि पुढचं चाक पाटात गेलं. गडी आपलं डावं सांगत होता, ड्रायव्हरनं स्वतःचं डावं धरलं. दोघंही खरं तेच बोलत-ऐकत होते, भाषेचीही अडचण नव्हती.

तुमचा पहिला मित्र ड्रायव्हरच्या सीटवर बसून बोलतोय आणि दुसरा समोर उभ्या राहिलेल्या गड्यासारखा. ड्रायव्हरच्या सीटवरच्या पद्धतीला गेमवाले टँक कंट्रोल म्हणतात, कारण रणगाडा असाच जागेवर वळतो आणि मग पुढं जातो. 1992 च्या 'अलोन इन द डार्क'मध्ये हेच होतं, 1996 च्या 'रेसिडेंट ईव्हिल'मध्ये आणि 'टूम रेडर'मध्येही हेच. आजच्या मुलांना ती जुन्या काळची चूक वाटते, पण त्यामागं पक्की कारणं होती. पहिल्या प्लेस्टेशनच्या मूळ पॅडला फिरणारी दांडी नव्हतीच, नुसती चार दिशांची बटणं होती. दोन दांड्यांचा ड्युअलशॉक आला 1997 मध्ये. दुसरं म्हणजे 'रेसिडेंट ईव्हिल'मध्ये खोल्यांची चित्रं आधीच तयार करून ठेवलेली होती, त्यामुळं कॅमेरा एका जागी खिळलेला आणि चार पावलांवर दृश्य एकदम बदलायचं. अशा वेळी वरचं बटण म्हणजे 'पात्राच्या समोर' हा एकच नियम दृश्य कितीही बदललं तरी मोडत नाही.

तरीही नव्या माणसाचं काय होतं ते मी शेकडो वेळा बघितलंय. शाळेतून थेट आलेला दहा-अकरा वर्षांचा एक पोरगा मला अजून आठवतो. दप्तर मांडीवर तसंच. बोळातून चालताना समोर झाँबी आला, कॅमेरा बदलला आणि आता त्याचं पात्र स्क्रीनच्या दिशेनं तोंड करून उभं होतं. त्याला स्क्रीनच्या डावीकडच्या दारात पळायचं होतं. त्यानं डावं दाबलं. पात्र आपल्या स्वतःच्या डावीकडं, म्हणजे स्क्रीनवर उजवीकडं वळलं. त्यानं अंगठा अजून जोरात दाबला. "अण्णा, हे उलटं जायलंय बघा! पॅड बिघडलाय!" पॅड चांगला होता. त्याच्या शेजारी कॉलेजचा एक मुलगा तोच गेम खेळत होता. त्याचा अंगठा न बघता चालायचा, कारण त्याच्या डोक्यात तो पात्राच्या आत बसलेला होता. दोघांच्या मध्ये फक्त दोन-तीन आठवड्यांची सवय होती. पण त्या लहान पोरानं पंधरा मिनिटांत गेम बदलून मागितला, आणि त्याला परत त्याकडं वळवणं मला जमलं नाही.

म्हणून तुमच्या पहिल्या मित्राचं म्हणणं सरसकट मोडीत काढू नका असं मी म्हणतो, पण तुमच्या गेमला ते पहिलं म्हणून देऊही नका.

टँक कंट्रोल जिथं खरोखर शोभतं ते 'टूम रेडर'मध्ये. ते सगळं जग चौकोनी ठोकळ्यांवर उभं केलेलं आहे आणि त्यातल्या लारा या नायिकेच्या उड्याही त्या ठोकळ्यांच्या मापात बसतात. पार्लरमध्ये मी नव्या पोरांना हे असं शिकवायचो: चालायचं बटण धरून कड्याच्या टोकापर्यंत जा, ते धरलेलं असेल तर ती खाली पडत नाही. तिथून एकदा मागं उडी मार. आता पळायला लाग आणि पळता पळताच उडीचं बटण धरून ठेव, ती नेमकी कड्यावरूनच झेप घेते. जमलं की पोरं खुर्चीत ताठ व्हायची. ती उडी अंदाजानं मारलेली नसते, मोजून मारलेली असते, आणि मोजायला पात्राचं तोंड कुठं आहे हे पक्कं माहीत लागतं. फेब्रुवारी 2024 मध्ये पहिले तीन गेम नव्या रूपात आले तेव्हा त्यांत नवं आणि जुनं अशी दोन्ही कंट्रोल दिली. मी आधी नव्यानं खेळलो. मोकळ्या जागेत फिरायला छान वाटलं, पण कडा आला की मागं उडी मारून अंतर घ्यायची ती सहजता हाताला येईना आणि मी जुन्यावर परत आलो. भाच्यानं मात्र अख्खा गेम नव्यावरच पूर्ण केला. त्याच्या हाताला जुनं कधी लागलंच नव्हतं. दोघांना एकच गेम तितकाच आवडला. त्यामुळं लोकांना काय आवडतं, याचं एक उत्तर शोधू नका. हात ज्यावर आधी बसला, तेच माणसाला नैसर्गिक वाटतं.

आता तुमचा दुसरा मित्र. स्क्रीनवर डावं म्हणजे डावं, हे आज बहुतेकांच्या हातात बसलेलं आहे. 1996 च्या 'सुपर मारिओ 64' नं दांडी ढकलाल त्या दिशेला पात्र पळेल ही पद्धत त्रिमितीत किती मोकळी वाटते ते दाखवलं, आणि पुढं फोनच्या स्क्रीनवर अंगठ्यानं ढकलायच्या गोल बटणानंही तीच उचलली. आमच्या गल्लीतल्या कुठल्याही पोराच्या हातात तुमचा गेम दिला तर तो पहिल्या सेकंदाला हेच गृहीत धरणार. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 2020 मध्ये आणलेला 'राजी' बघा. तिथंही कॅमेरा खेळणाऱ्याच्या हातात नाही, पण तो वरून, अंतरावरून आणि सावकाश सरकत राहतो, म्हणून स्क्रीनची दिशा आणि चालण्याची दिशा यांचा झगडा होत नाही.

तुमच्या वाड्यात मात्र होणार, कारण तुमचा कॅमेरा उडी मारतो. मुलगी सोप्यातून माजघरात जाते. सोप्यात ती स्क्रीनच्या वरच्या बाजूला चालली होती. माजघराचा कॅमेरा समोरच्या भिंतीवर आहे, म्हणून आता तीच वाट खालच्या बाजूला येते. खेळणाऱ्यानं वरचं बटण अजून धरलेलंच आहे, तर ती उलटी फिरून परत सोप्यात जाईल. सोप्यात गेली की कॅमेरा परत बदलला आणि ती पुन्हा माजघरात. उंबऱ्यावर ती अशी आत-बाहेर नाचत राहते. हे मी कितीतरी गेममध्ये बघितलंय आणि खेळणाऱ्याचा गेमवरचा विश्वास तिथंच उडतो.

यावर उपाय आहे आणि तो करायला फार अवघडही नाही. दृश्य बदललं तरी दांडी किंवा बटण सोडेपर्यंत दिशा जुन्या कॅमेऱ्यानुसारच धरायची. हात सुटला आणि परत दाबला, की तेव्हापासून नवा कॅमेरा. 2015 मध्ये परत आलेल्या 'रेसिडेंट ईव्हिल'नं टँकच्या जोडीला जे नवं कंट्रोल दिलं त्यात हेच केलंय. दांडी किंचित हलली म्हणून लगेच नव्या दिशेवर जाऊ नका. माणूस सरळ चालतानाही अंगठा थोडा डुलतो. चांगलं ठळक वळण घेतलं तरच बदला. आणि दोन कॅमेऱ्यांची हद्द एकाच रेषेवर ठेवू नका. आत जाताना उंबरा ओलांडून दोन पावलं गेल्यावर दृश्य बदलू द्या, बाहेर येताना उंबरा ओलांडून बाहेर दोन पावलं आल्यावर. मधल्या पट्ट्यात जो कॅमेरा चालू असेल तोच राहू दे. एवढ्यानं ते नाचणं बंद होतं.

तिसऱ्या मित्राकडं मी जरा जास्त झुकलेला आहे, आणि त्याचं कारण आमची आई. तिच्या उजव्या अंगठ्याचा सांधा दुखतो. फोनवर वस्तू शोधायचे गेम ती रोज दुपारी खेळते. गोल बटणाचा एक गेम मी तिला दिला होता. दहा मिनिटांत फोन माझ्या हातात ठेवून म्हणाली, "मला त्या कपाटाकडं जायचंय, तर कपाटावर बोट ठेवलं की झालं. मधल्या पावलांचं मी कशाला बघत बसू?" शोधायच्या, बोलायच्या, विचार करायच्या गेममध्ये तिचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. 1987 च्या 'मॅनिअ‍ॅक मॅन्शन'सारख्या गेमनी टिचकी मारून, म्हणजे क्लिक करून, चालवायची जी परंपरा रुजवली, तिचं सगळं बळ यातच आहे की लक्ष चालण्यावर न राहता कोड्यावर राहतं. 2000 मध्ये 'मंकी आयलंड' मालिकेच्या चौथ्या भागानं माऊस काढून टँक कंट्रोल आणलं तेव्हा पुष्कळ जुने खेळणारे नाराज झाले, आणि 2022 च्या भागात टिचकी परत आली. 'ग्रिम फँडँगो'चं तर त्याहून बोलकं आहे. 1998 चा मूळ गेम माऊसशिवाय होता. एका चाहत्यानं स्वतः खपून त्याला माऊस जोडला, आणि 2015 च्या नव्या आवृत्तीत टँक, स्क्रीनप्रमाणं आणि माऊस असे तिन्ही पर्याय आले. वर पूर्ण गेम टँकनंच संपवणाऱ्याला वेगळी ट्रॉफीही ठेवली.

बोटानं चालवण्यात दोन गोष्टी सांभाळा. लांबच्या दारावर दोनदा टिचकी मारली की मुलगी थेट पलीकडच्या खोलीत पोचली पाहिजे. चौथ्यांदा तोच चौक ओलांडताना हळूहळू चालणारं पात्र बघत बसणं फार जिवावर येतं. आणि ज्या जागी जाता येत नाही तिथं बोट टेकवलं तर ती निदान जवळच्या जागेपर्यंत गेली पाहिजे. नुसती उभी राहिली की फोन अडकला असं वाटतं.

कॅमेरा फिरवायची सोय कुठं देणार असाल तर वर-खालची दिशा उलटी करायचा पर्याय ठेवाच. मी आता उद्यमबागेत सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमानं धातू कापणाऱ्या मशीनवर काम करतो, तिथंही असाच गोंधळ होतो. नवा पोरगा एक्स प्लसचं बटण दाबतो, टेबल डावीकडं सरकतं आणि तो दचकतो. प्लस ही दिशा जॉबच्या, म्हणजे टेबलावर बसवलेल्या तुकड्याच्या हिशोबानं टूल, म्हणजे कापायचं हत्यार, कुठं जातंय त्याची असते. टूल उजवीकडं न्यायचं तर टेबल डावीकडं जाणार. दांडी वर केली की काही जणांना नजर वर जावी असं वाटतं, काही जणांना आपण मागून डोकं धरून कलवतोय असं वाटतं. दोघांच्याही मनातलं चित्र पक्कं असतं. सेटिंगमध्ये एक ओळ घालायला तुम्हाला तासभर लागेल.

तर तुमच्या वाड्यासाठी मी फोनवर टिचकी पहिली ठेवली असती, गोल बटण दुसरं. कॉम्प्युटरवर माऊस आणि बाणांची बटणं दोन्ही एकाच वेळी चालू, वेगळं निवडायला न लावता. जो ज्याला हात घालेल ते चालेल. टँक कंट्रोल सेटिंगमध्ये ठेवा. ज्यांना ते हवंय ते शोधून काढतील आणि तुमचे आभार मानतील.

आणि लोकांना दाखवाल तेव्हा "आवडलं का?" असं विचारू नका. आमच्याकडं तरी समोरच्याचं मन कोण मोडणार, सगळे "होय की, मस्त आहे" म्हणतात. पहिल्या खोलीतून तिसऱ्या खोलीपर्यंत त्यांना काहीही न सांगता खेळू द्या, तुम्ही मागं उभे राहा आणि एका कागदावर तीन खुणा करत जा: भिंतीला किती वेळा धडकले, उंबऱ्यावरून किती वेळा उलटे परतले, आणि किती वेळा स्क्रीन सोडून हाताकडं बघितलं. तिसरी खूण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पंधरा-वीस जणांचे कागद जमले, त्यात तुमच्या घरातली दोन वयस्कर माणसं आणि कधी गेम न खेळलेलं एखादं माणूस असलं, की ते कागद तुमच्या तिघा मित्रांसमोर ठेवा.